म्हैस शाळेत नेली तो शनिवार

आमच्या तिसरीच्या बाई नव्या होत्या आणि त्यांना पुस्तकांचा राग होता. निदान मला तरी तसं वाटायचं. शनिवारी सकाळची शाळा असायची. त्या दिवशी त्या आम्हाला दप्तरं भिंतीला लावून ठेवायला सांगायच्या आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात त्या दिवसाचं नाव लिहायच्या. एका शनिवारी पान दिवस झाला. चाळीस पोरांनी चाळीस घरांच्या कुंड्या आणि कुंपणं ओरबाडली आणि पानं वहीखाली ठेवून वरून खडू घासत ठसे काढले. एका शनिवारी माती दिवस झाला. कुणी शिरोळच्या मामाच्या उसातली काळीभोर माती आणली, कुणी माळावरचा मुरूम आणला आणि एकाने चक्क तालमीतल्या कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती रुमालात बांधून आणली. ती परत न्यायला तालमीचे वस्ताद स्वतः शाळेत आले, तेव्हा बाईंनी हात जोडून त्यांची माफी मागितली. बाकीचे गुरुजी व्हरांड्यात उभे राहून गालातल्या गालात हसत होते. बाईंना नुकतंच कुठलं तरी प्रशिक्षण मिळालं होतं आणि ते अजून उतरलं नव्हतं, असं हेडमास्तर म्हणायचे.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका पेठेत आमची शाळा आणि तिथून तीन गल्ल्या पलीकडे आमचं घर. पुढे दोन खोल्या, मागे गोठा आणि गोठ्यात सहा म्हशी. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पहाटेच गोठ्यात शिरायचे. संध्याकाळी दोन म्हशी घेऊन ते दूध कट्ट्यावर जायचे. गिऱ्हाइकाच्या पुढ्यात म्हैस उभी करून धार काढायची आणि फेसाळ दूध तिथंच पेल्यात द्यायचं, ही आमच्या गावची पद्धत. घरात आबा फक्त जेवायला आणि झोपायला यायचे, आणि घरात ते बोलायचेही नाहीत. आईशीसुद्धा हूं आणि न्हाय यावर भागवायचे. गोठ्यात मात्र त्यांची जीभ सुटायची. धार काढता काढता ते म्हशींचे स्वभाव सांगायचे, स्वतःच्या कुस्त्या सांगायचे, कुठल्या पावण्यानं कुणाला कसं फसवलं ते सांगायचे. ऐकणारी मी. दाराशी उपडी घातलेली बादली ही माझी जागा होती. आल्यागेल्याला ते माझ्याकडे बोट करून सांगायचे, "ही पोरगी न्हाय, माझा गडी हाय. म्होरं ह्यो गोठा हीच बघणार." हे ऐकलं की माझी छाती फुगायची.

आणि मला म्हशींची भीती वाटायची.

थोडीथोडकी नाही. म्हैस जवळून गेली की माझे तळहात ओले व्हायचे. पाच वर्षांची असताना मी पेंडेची पाटी द्यायला आत गेले होते. एका म्हशीनं माशी उडवायला अंग वळवलं आणि मी तिच्या आणि भिंतीच्या मध्ये सापडले. तिला माझा पत्ताही नव्हता. ती आपली निवांत रवंथ करत होती आणि इकडे माझा श्वास कोंडला होता. ओरडायला छातीत हवाच नव्हती. किती वेळ गेला देव जाणे. मग ती आपणहून पुढे सरकली आणि मी भिंतीवरून खाली घसरले. आबा बाहेर कुणाशी तरी बोलत होते. मी परकर झटकला आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्या पावण्याला ते नेमकं तेच सांगत होते, माझा गडी हाय. 

तेव्हापासून तीन वर्षं मी हे लपवलं. लपवायला डोकं लागतं आणि ते मला होतं. गोठ्याच्या दाराबाहेरची सगळी कामं मी आपणहून अंगावर घेतली. पेंड भिजवायची, डास पळवायला धूर करायचा, दुधाच्या चरव्या घासायच्या, वैरणीची पेंढी दारातून आबांच्या हातात द्यायची. कुठली म्हैस आटली, कुणाच्या खुराला सूज आहे, हे मला आबांच्या बरोबरीनं ठाऊक असायचं. फक्त उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, एवढंच मी सांभाळायचे. माझी धाकटी बहीण पाच वर्षांची होती. ती बिनधास्त म्हशींच्या पोटाखालून पलीकडे जायची आणि आई तिला रागवायची. मला तिचा इतका हेवा वाटायचा की एकदा मी तिला कारण नसताना चिमटा काढला होता. आबांना हे कळलं तर ती बादली जाणार, ही माझी खरी भीती होती. म्हशींची भीती तिच्यापुढे काहीच नव्हती.

संक्रांतीच्या सुमाराला वास दिवस आला. बाईंनी छोट्या बाटल्यांत कापूस भिजवून आणला होता. हिंग, रॉकेल, निलगिरी, लसूण. डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि वास ओळखायचा. धमाल चालली होती. शेवटी बाईंना काय सुचलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, आता मैत्रीण ओळखा. औषधाच्या दुकानवाल्याच्या मुलीचे डोळे बांधले होते आणि तिच्यापुढे मला उभं केलं. तिनं एकदाच नाक पुढे केलं आणि म्हणाली, "म्हस."

वर्ग फुटल्यासारखा हसला. मी तशी रागीट, आजही आहे. त्या वेळी मला रडायला यायला हवं होतं, पण आला तो राग. बाईंचा चेहरा उतरला. सारवासारव करत त्या म्हणाल्या की हिच्या घरी किती छान म्हशी आहेत, आपण पुढच्या महिन्यात प्राणी दिवस करू, तेव्हा हिच्या वडिलांना एखादी म्हैस आणायला सांगू. त्यावर मागून एकजण म्हणाला की म्हस हिचे वडील आणणार, ही कशाला? ही तर लांब उभी राहणार.

त्यानं ते उगाच म्हटलं होतं. त्याला काहीच माहीत नव्हतं. पण मला वाटलं की माझं पितळ उघडं पडलं, आणि तोंडातून निघून गेलं, "आबा कशाला पायजेत? मी एकटी आणतो की. माझ्या मागनं येती ती, गप गुमान." आमच्याकडे मुलीही आणतो, जातो असंच बोलतात. बाईंनी टाळ्या वाजवल्या. पोरांनीही वाजवल्या. मी जागेवर जाऊन बसले.

मला वाटलं होतं, आबा नाही म्हणतील. कामाच्या वेळेला कुठली शाळा, असं म्हणतील. पण बाईंनी हेडमास्तरांच्या सहीची चिठ्ठी पाठवली आणि आबांनी ती आईकडून दोनदा वाचून घेतली. ते स्वतः दुसरीतून सुटले होते. शाळेनं आपल्याला सन्मानानं बोलावलंय, हे त्यांनी कट्ट्यावर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं. बोलावणं मलाही होतं, हे सांगायला ते विसरायचे नाहीत. "म्हस माझी पोरगीच धरणार हाय," असं ते म्हणायचे आणि मी बाजूला उभी राहून मान हलवायची.

त्यांनी निवडली ती सगळ्यांत देखणी म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून पळवतात. फटफटीचा सायलेन्सर काढायचा आणि तिच्या त्या फाडफाड आवाजामागे म्हैस मान वर करून धावायची. दोरी नाही, काठी नाही, नुसत्या आवाजावर. त्यासाठी महिनोन्महिने सवय लावावी लागते. ही म्हैस आबांच्या फटफटीमागे अशी पळायची की बघ्यांच्या तोंडून शिट्ट्या निघायच्या. पाडव्याला तिनं मान राखला होता. मी तो सगळा सोहळा माळ्याच्या खिडकीतून पाहिला होता, पाय दुखतोय असं सांगून.

पंधरा दिवस मी भीतीनं आतून पोखरले गेले. गणितं चुकली, भूक मेली. दुपारी एकदा घरात कुणी नाही असं बघून मी ठरवलं की आज हात लावायचाच. उंबरा ओलांडला. ती म्हैस बसली होती. मी एक एक पाऊल मोजत तिच्या तोंडापर्यंत गेले आणि हात पुढे केला. तिनं नुसता श्वास सोडला. गरम, ओला, माझ्या बोटांवर. तेवढ्यानं माझी चड्डी ओली झाली. मी मोरीत जाऊन परकर धुतला आणि अंगणात वाळत घातला. आईनं विचारलं तेव्हा शाई सांडली म्हणाले.

आदल्या दिवशी शेवटचा उपाय केला. काखेत कांदा धरला की ताप येतो असं आमच्या वर्गात सगळ्यांना माहीत होतं. मी दोन्ही काखांत दोन मोठे फोडलेले कांदे धरून संध्याकाळभर पडून राहिले. ताप आला नाही. आई मात्र घरभर हुंगत फिरली आणि कांदा कुठं कुजलाय ते शोधत राहिली. त्या वेळी आबा गोठ्यात म्हशीला सजवत होते. कात्रीनं अंगावरचे केस कातरून त्यांनी नक्षी काढली, शिंगं लाल-पिवळी रंगवली, गळ्यात कवड्यांची माळ बांधली. मध्येच त्यांनी मला हाक मारली आणि दारातून बघायला सांगितलं. कशी दिसती, असं विचारलं. मी म्हटलं, झ्याक. मला त्या म्हशीत यमाचं वाहन दिसत होतं.

शनिवारी सकाळी आबांनी इस्त्रीचा सदरा घातला. फटफटी त्यांनी मुद्दाम घरी ठेवली, शाळेत पोरं असतात, उगाच गडबड नको म्हणाले. म्हशीचं दावं धरून ते पुढे चालले आणि मी चार हात मागून. शाळेच्या फाटकाशी ते थांबले. दावं माझ्यापुढे धरून म्हणाले, धर, आता तुझी. मी धरलं. आतून चाळीस पोरांचा गलका ऐकू आला. म्हैस माझ्या मागून खरंच गप गुमान आली, कारण आबा तिच्या अंगाला हात लावून चालत होते. पोरांना ते दिसलं नाही.

मैदानात बाईंनी फक्कीनं मोठं वर्तुळ आखलं होतं. आमचा वर्ग वर्तुळाबाहेर बसला होता. फाटकाच्या बाजूला पहिलीची पोरंही आणून बसवली होती, मांडीवर पाट्या घेऊन, म्हशीचं चित्र काढायला. मी म्हशीला मधोमध उभं केलं. तेवढ्यात शिपाई आला आणि हेडमास्तरांनी आबांना चहाला बोलावलंय असं म्हणाला. आबांच्या चेहऱ्यावर जे उजळलं ते मला आजही दिसतं. हेडमास्तरांच्या खोलीत खुर्चीवर बसून चहा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "जमंल न्हवं?"

त्या क्षणी मी नाही म्हणू शकत होते. फक्त मान हलवायची होती. पण चाळीस डोकी माझ्याकडे वळली होती आणि औषधवाल्याची मुलगी पहिल्या रांगेत होती. मी म्हटलं, "जमंल की."

आबा गेले. माझ्या हाताला घाम सुटला होता, दावं निसटत होतं. म्हणून मी ते मनगटाला गुंडाळलं. एक वेढा, दोन वेढे, तीन. म्हशीवाल्यांच्या घरात चालायला येण्याआधी शिकवतात की दावं कधीही हाताला गुंडाळायचं नाही. जनावर उधळलं तर दोरी सोडता आली पाहिजे. मला ते चांगलं ठाऊक होतं. पण त्या वेळी मला एकच दिसत होतं, की दावं सुटलं तर सगळ्यांना कळेल.

आणि खरं सांगायचं तर पहिली काही मिनिटं छान गेली. बाई प्रश्न विचारायच्या आणि मी उत्तरं द्यायची. म्हैस दिवसातून किती वेळा पाणी पिते, रवंथ म्हणजे काय, रेडकाला पहिलं दूध का पाजतात. मला सगळं येत होतं. पोरं एकेक करून पुढे येत होती, शिंगावर वीत ठेवून मोजत होती आणि माझ्याकडे आदरानं बघत होती. औषधवाल्याची मुलगी आली आणि तिनं शिंगाला हात लावायच्या आधी मला विचारलं, काही करणार नाही ना? मी म्हटलं, न्हाय करत. माझा आवाज खणखणीत आला.

तेव्हाच रस्त्यावरून तो आवाज आला.

त्या दिवशी तपासणीचे साहेब येणार होते. शाळेत ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. शाळेतले सगळे गुरुजी सायकलीवर नाही तर चालत यायचे. साहेब फटफटीवर आले आणि त्यांच्या फटफटीचा सायलेन्सर वाटेत कुठंतरी खड्ड्यात आदळून निखळला होता. फाड फाड फाड करत ती फाटकातून आत आली. म्हशीची मान वर गेली. कान पुढे झाले. पुढे काय होणार हे त्या मैदानात फक्त मला कळलं होतं.

मी वेढे सोडवायला गेले. दोरी ताणली गेली होती, बोट आत शिरेना. मी बाईंना हाक मारली असेन, आठवत नाही. पुढच्या क्षणाला माझे पाय जमिनीवरून सुटले आणि मी पोटावर पडून मुरमातून फरफटत निघाले. डोळ्यांसमोर धूळ, खूर आणि समोर पहिलीची पोरं. ती पोरं उठतच नव्हती. त्यांना वाटत होतं हाही खेळातलाच भाग. बाई धावताना मला दिसल्या, त्यांची चप्पल निघालेली, पदर सुटलेला. त्यांनी दोन पोरं काखेत उचलली, एकाला पायानं बाजूला लोटलं, बाकीची किंचाळत फाकली. म्हैस त्या फटीतून गेली. पाट्या खाडखाड फुटल्या. नंतर सगळे म्हणाले की एकाही पोराला खरचटलं नाही. मला त्या वेळी एवढंच वाटत होतं की कुणीतरी मेलं आणि ते माझ्यामुळे.

साहेबांनी वळून बघितलं. रंगवलेल्या शिंगांची म्हैस आपल्यावर चाल करून येतेय असंच त्यांना वाटणार. त्यांनी फटफटी वळवली आणि जोरात पळवली. आवाज वाढला तशी म्हैसही जोरात पळाली. मैदानाला एक फेरी झाली. मग मला आबांचा आवाज ऐकू आला. ते हेडमास्तरांच्या खोलीतून बशी हातात घेऊनच बाहेर आले होते आणि आडवे धावत होते. "गाडी बंद करा सायेब. बंद करा गाडी."

साहेबांनी बंद केली की ती आपोआप बंद पडली, हे मला सांगता येणार नाही. आवाज थांबला. त्याबरोबर म्हैसही थांबली. फटफटीच्या सीटला नाक लावून ती शांत उभी राहिली, पाडव्याला शेवटी उभी राहायची तशीच.

आबा म्हशीकडे गेले नाहीत. ते माझ्यापाशी गुडघ्यांवर बसले. माझे कोपर सोलले होते, हनुवटी फुटली होती, पण ते बघत होते माझ्या मनगटाकडे. एकेक वेढा त्यांनी हळू सोडवला. तिसरा वेढा कातडीत रुतला होता. तो काढताना त्यांचा हात थांबला.

"हाताला का गुंडाळलंस?" त्यांनी विचारलं.

 वर साहेबांचा आवाज चढला होता. एवढ्याशा पोरीच्या हातात म्हैस कुणी दिली, हा कसला अभ्यास, एखादं पोर मेलं असतं तर कोण जबाबदार, असं ते बाईंना विचारत होते. आणि विचारत होते ते बरोबरच होतं. बाई अनवाणी उभ्या होत्या. जबाबदारी माझी आहे, एवढंच त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या. हेडमास्तर मान खाली घालून उभे होते. सगळी शाळा गोळा झाली होती. आता बाईंची नोकरी जाणार, असं मला वाटलं. माझ्या अंगात तेवढाच धीर उरला होता आणि तो मी तिथं वापरला.

"बाईंचं काय चुकलं न्हाय," मी म्हटलं. "मीच खोटं सांगिटलं. मला म्हशींचं भ्या वाटतंय."

मी साहेबांकडे बघून बोलले होते, पण आबांनी विचारलं, "कवापासनं?"

"पैल्यापासनं."

त्यांनी माझं मनगट हातात धरलं होतं, ते सोडलं नाही.  माझ्याकडे असं बघत राहिले, जणू मी त्यांच्या घरात राहून गेलेली कुणी परकी पोरगी होते. मग उठले, साहेबांपुढे हात जोडले, चूक माझी हाय म्हणाले, आणि दावं घेतलं. घरी जाताना ते मध्ये चालले. एका बाजूला म्हैस, दुसऱ्या बाजूला मी. तीन गल्ल्यांत त्यांनी एकदाही जागा बदलली नाही.

बाईंची नोकरी गेली नाही. शनिवारचे दिवस तेवढे गेले. पुढच्या शनिवारी आम्ही दप्तरं उघडून सतराचा पाढा म्हटला आणि त्यानंतर प्रत्येक शनिवारी तेच केलं. वर्गात मला कुणी चिडवलं नाही. उलट औषधवाल्याच्या मुलीनं मलमाची डबी आणून दिली. म्हैस उधळली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, बाई आमच्या घरी आल्या. आबांना म्हणाल्या की तुमची मुलगी फार हुशार आहे, म्हशींची इतकी माहिती मला पुस्तकातही मिळाली नव्हती, तिला खूप शिकवा. आबांनी खाली बघत सगळं ऐकून घेतलं.

बाई गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि डोक्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी त्याआधी कधी ठेवल्याचं मला आठवत नाही. "आजपासनं तू गोठ्याकडं याचं न्हाय," ते म्हणाले. "भ्या घिऊन कशाला ऱ्हायाचं? तू आपला अभ्यास कर."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मी भांडले असते, रडले असते, पाय धरले असते. त्यांनी ते मायेनं सांगितलं आणि मायेशी मला भांडता आलं नाही. त्या क्षणी तर मला हलकंच वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सवयीनं मागच्या दाराकडे गेले. बादलीवर धाकटी बसली होती. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. आबा आतून तिला सांगत होते की रागीट म्हशीजवळ कुठल्या बाजूनं जायचं, आणि मग ती कुठल्या तरी पावण्याची गोष्ट सुरू झाली, जी मला पाठ होती. मी दारातून म्हटलं, "आबा, आता न्हाय वाटत भ्या." त्यांनी धार थांबवून माझ्याकडे बघितलं आणि हसले. मी खोटं बोलतेय हे आता त्यांना ओळखता येत होतं. "जा बाळ," ते म्हणाले, "अभ्यास कर."

मी अभ्यास केला. खूप केला. आज आमच्या घरातली नोकरी करणारी मी एकटीच आहे आणि लोक म्हणतात, पोरीनं नाव काढलं. गोठा धाकटी बघते, आबांपेक्षा चांगला बघते. तिला आबांच्या सगळ्या कुस्त्या माहीत आहेत, त्यांचे वडील कसे गेले ते माहीत आहे, ते कशाला घाबरायचे तेही माहीत आहे. मला यातलं निम्मं तिच्याकडून कळलं.

मला आबा भेटायचे ते ताटावर. हातपाय धुऊन ते माझ्या शेजारी बसायचे, पहिला घास घ्यायचे आणि विचारायचे, "अभ्यास झाला?" मी म्हणायची, "झाला की." मग आम्ही जेवायचो. दहावी होऊन मी घर सोडलं, तोवर आमचं दोघांचं बोलणं रोजचं एवढंच होतं.